चौथा दिवा लागेना

"हा चौथा दिवा लागत नाहीये," शालन म्हणाली.

"लागेल. लाइन धरू दे त्याला जरा," मी म्हणालो आणि मॉडेमच्या डबीवर एक टपली मारली.

सकाळचे साडेआठ वाजले होते. अकरा वाजता शालनची पुण्याच्या लोकांबरोबर मुलाखत होती, तीही याच कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर काही केल्या नेटला लागत नव्हता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल फुली येऊन बसली होती. मी तो बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. फुली काही हलेना.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. मी विश्वनाथ खुटवड, भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजला तेहेतीस वर्षं लाइनमन होतो. तेव्हा निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आमच्या तालुक्यात मी चढलो नाही असा टेलिफोनचा खांब सापडायचा नाही. पावसाळ्यात भोरच्या लाइनी कशा पडतात ते भोरकरांना विचारा. "खुटवड आले की फोन लागतो," असं लोक म्हणायचे. तारेला हात लावायच्या आधीच या माणसाला बिघाड कळतो, अशी माझी ख्याती होती. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या मुलाखतीला नेट नाही म्हणजे काय? माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

शालनला मोडी येते. तिचे वडील तहसील कचेरीसमोर अर्ज लिहायला बसायचे, लोकांचे जुने कागद वाचून द्यायचे. ही लहानपणी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसून शिकली. लग्नानंतर ते सगळं बाजूला पडलं. मग त्या वर्षी पेपरात आलं, की पुण्याच्या एका संस्थेला जुनी मोडी कागदपत्रं वाचणारी माणसं हवीत. ते कागदांचे फोटो नेटवरून पाठवणार, आपण घरी बसून ते देवनागरीत उतरवायचे. हिनं मला न सांगता अर्ज टाकला. चाळीस अर्जांतून त्यांनी पाच काढले, त्यात ही. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, ठरलेल्या वेळी उमेदवार जोडला गेला नाही तर पुढच्या नावाला बोलावू. सत्तावन्न वर्षांची बाई, आयुष्यातली पहिली मुलाखत. पंधरा दिवस भिंग घेऊन वडिलांचे जुने कागद वाचत बसायची, स्वयंपाकघरात पुटपुटायची. त्या दिवशी एकादशी होती आणि तिनं उपासाचं म्हणूनसुद्धा तोंडात काही घातलं नव्हतं.

"काल संध्याकाळी एकदा लावून बघू म्हणाले होते मी," ती म्हणाली.

"दसऱ्याला पूजलेलं हत्यार उचलतात का आपल्यात?"



आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. माझे वडील विळे-कोयते पुजायचे, मी पक्कड, सुरी, कमरेचा पट्टा आणि खांबावर न्यायचा टेस्टचा फोन पुजायचो. निवृत्तीनंतरही सोडलं नाही. घरात कॉम्प्युटर आला तसा तोही पूजेत आला. त्या वर्षी तर शालनची मुलाखत म्हणून मी जास्तच मनापासून केलं. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, मॉडेम पाटावर हत्यारांच्या मधोमध ठेवला, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. आणि आज, एकादशीला सकाळी, आंघोळ करून सगळं जसंच्या तसं जोडलं होतं.

"अहो, हे तीन दिवे लागलेत," शालन पुन्हा डबीपाशी वाकली. "हा चौथाच..."

"शालन, ते दिवे बघून काही होत नाही. बिघाड खांबावर असणार. परवाच्या पावसात तिथला तारांचा डबा भिजलाय. मला माहीतेय तो डबा."

मी पक्कड, सुरी, टेस्टचा फोन घेतला, शिडी खांद्यावर टाकली आणि निघालो. निवृत्त माणसानं खांबाला हात लावायचा नसतो, पण मला कोण अडवणार होतं? कोपऱ्यावरच्या खांबावर चढलो. बासष्टाव्या वर्षी गुडघे काय म्हणत होते ते मलाच ठाऊक. डबा उघडला तर आत कोरडा ठणठणीत. टेस्टचा फोन लावला तर टोन कसा स्वच्छ, अगदी कानाशी सनई. कुणीही शहाणा माणूस तिथून खाली उतरला असता. मी आमच्या घराच्या तारांची जोडी कापली, तारा खरवडल्या आणि नव्यानं पिळायला घेतल्या.

खिडकीतून शालनचा आवाज आला. "अहो, आता आणखी दोन गेले."

"जाणारच. मी कापलीय."

"मग जोडा लवकर. सव्वानऊ झाले."

पहिला पीळ घाईत सुटला, दुसरा बसला. उतरताना सदरा खिळ्यात अडकला आणि खांद्यापासून बगलेपर्यंत टरकला. धापा टाकत घरात आलो. तीन दिवे लागले होते. चौथा काळाच.

मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरीकडे कुठं जावं तर बाजारातला नेट कॅफेवाला दसऱ्याला गावी गेलेला, दाराला कुलूप. मोबाइलचं म्हणाल तर तेव्हा आमच्या गल्लीत नुसतं बोलायलाही गच्चीवर जावं लागे. मी बबन शिळीमकरला फोन केला. बबन माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, माझ्या जागेवर तोच आलेला. पोरगा म्हणायचं आपलं, चाळिशीचा झाला होता.

दहा मिनिटांत तो गाडीवरून आला. मीटर काढलं, भिंतीवरच्या फोनच्या डबीला लावलं, एक्स्चेंजला फोन करून तिथून तपासून घेतलं. मी त्याच्या डोक्यावर उभा.

"अण्णा, लाइन सोन्यासारखी आहे," तो म्हणाला.

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. "तीच आहे, अण्णा. एक्स्चेंजपासून इथपर्यंत एका काडीचा दोष नाही."

"मग चालत का नाही?"

"ते मला कसं कळणार? माझं काम इथं भिंतीपाशी संपतं."

"मी तुला हेच शिकवलं होय?"

"तुम्हीच शिकवलंत. भिंतीच्या आतल्या भानगडीत पडू नको म्हणून."

मी मॉडेमची वायर ओढून पुन्हा घुसवली, कॉम्प्युटर पुन्हा बंद-चालू केला, पिना फुंकल्या. एकदा तर मी डबीला चक्क नमस्कार केला, बबननं बघितलं आणि मान वळवली. दहा पस्तीस झाले. पंधरा दिवस तिच्या पुटपुटण्यानं मी वैतागलो होतो, आणि आता ते सगळं फुकट जाणार होतं. मी फोनचा रिसीव्हर उचलला.

"कुणाला लावताय?" शालननं विचारलं.

"पुण्याला. हात जोडतो त्यांच्यापुढं. उद्या घ्या म्हणतो."

"ठेवा तो खाली."

"अगं, पंचवीस मिनिटं राहिलीत."

"म्हणूनच म्हणते. ठेवा. आणि इथं समोर बसा."

तिचा आवाज चढला नव्हता. पण मी बसलो. ती फोनशेजारच्या तिच्या स्टुलावर बसली, पदर आवरला, रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "नमस्कार. बोला, काय तक्रार आहे?"

मला वाटलं, ताण सहन न होऊन बाईला काहीतरी झालं. बबन हसायला लागला, पण तिनं नुसतं बघितलं तसं त्यानं मीटर आवरायला घेतलं.

"शालन, ही वेळ आहे का..."

"फोनला टोन येतो का?"

"येतो."

"खरखर?"

"नाही."

"डबीवर एकूण दिवे किती?"

"चार."

"लागलेत किती?"

"तीन. एक विजेचा, एक लाइनचा, एक नेटचा."

"म्हणजे नेट डबीपर्यंत आलेलं आहे."

बबन छताकडं बघायला लागला.

"चौथा दिवा कशाचा?"

"डबीतून कॉम्प्युटरला जातं, त्याचा."

"मग तुम्ही खांबावर कशाला चढलात?"

टरकलेल्या सदऱ्यातून खांदा बाहेर आलेला, हाताला काळं, आणि समोर ही. ती मात्र थांबली नाही.

"शेवटचं चालू कधी होतं?"

"परवा सकाळी."

"त्यानंतर कुणी हात लावला त्याला?"

"मीच लावला. दुसरं कोण लावणार?"

"काय केलंत?"

"पूजा केली. वायरी काढल्या, पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि..." इथं माझी जीभ अडखळली. "आणि अक्षता टाकल्या."

"किती?"

"मूठभर."

ती स्टुलावरून उठली आणि भिंग आणायला गेली. मी तिथंच बसून राहिलो. हा आवाज मी तेहेतीस वर्षं ऐकला होता, मागच्या खोलीतून, जेवताना, सदऱ्याची बटणं लावताना. एक्स्चेंजची कचेरी बंद झाली की गावाच्या तक्रारी आमच्या घरच्या फोनवर यायच्या आणि त्या ही घ्यायची. नुसत्या लिहून घेत नसे. टोन येतो का, खरखर पावसात वाढते का, कालपासून घरात कुणी काही हलवलं का, रंग दिला का, उंदीर झालेत का, असं सगळं विचारून घ्यायची. मी निघताना हातात चिठ्ठी. "वकिलांकडं खरखर, ओल आली की वाढते, खांबावरचा जोड बघा." "दवाखान्यात टोन नाही, काल कपाट सरकवलंय, मागं वायर चेपली असेल." मी जायचो, थेट तिथंच हात घालायचो, आणि लोक तोंडात बोट घालायचे. त्या चिठ्ठ्यांबद्दल मी आजवर कुणाला एक शब्द बोललो नव्हतो. निवृत्तीच्या समारंभात शाल खांद्यावर घेऊन मी भाषण केलं, त्यात म्हणालो, आमच्या सौभाग्यवतींनी घर चांगलं सांभाळलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मला त्या क्षणी, त्या फाटक्या सदऱ्यात, इतकी लाज वाटली की काय सांगू.

"अहो, बत्ती धरा," ती म्हणाली.

तिनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, त्यावरच कॉम्प्युटरही होता, मग डबी उजेडात उलटी धरली. कॉम्प्युटरकडे जाणारी वायर जिथं बसते तिथली पिन तिनं काढली आणि भोकात भिंगातून बघितलं. "आहे," ती म्हणाली. "आत, अगदी तळाशी. तुम्ही पिन दाबून दाबून चेचलाय त्याला."

मी बघितलं. तांदळाचा दाणा, कुंकवानं लाल, आतल्या बारीक तारांना चिकटून बसलेला. त्याच्यामुळं पिन पुरती आत जातच नव्हती. बसताना तिचा टक आवाज व्हावा लागतो. सकाळपासून मी ती चार वेळा बसवली होती आणि एकदाही तो आवाज झाला नव्हता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. तेहेतीस वर्षांचा लाइनमन.

"पक्कड देऊ का?" मी विचारलं.

"पक्कड नको. देव्हाऱ्याच्या फळीवर काटा काढायचा चिमटा आहे, तो आणा."

बबन धावत गेला आणि चिमटा घेऊन आला. दहा सेहेचाळीस. मी बत्ती धरली तर उजेड भिंतभर नाचायला लागला, म्हणून बबननं ती माझ्या हातातून काढून घेतली. शालननं श्वास धरून चिमटा आत घातला. दाणा निसटला आणि आडवा झाला. मी काहीतरी बोलणार होतो, पण बबननं माझ्या दंडाला धरलं. तिनं चिमटा पुसला, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा घातला. जुन्या कागदाची चिकटलेली घडी उलगडावी तसा तिचा हात हळू आणि स्थिर होता. अर्धा दाणा आला. उरलेला अर्धा तिनं तिसऱ्या खेपेला काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

पिन बसवली. टक झालं. बटण दाबलं. एक, दोन, तीन दिवे लागले, आणि आम्ही तिघंही डबीवर वाकून उभे राहिलो. चौथा हिरवा होऊन लुकलुकायला लागला.

"पेटला, अण्णा," बबन म्हणाला.

मी आनंदानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. पण कॉम्प्युटर अजून उठायचा होता, आणि आमचा कॉम्प्युटर दुपारच्या झोपेतून उठणाऱ्या सासऱ्यासारखा उठायचा. दहा त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. पडदा निळा झाला. फुली गेली होती. शालननं पदरानं हात पुसले, केसांवरून पाणी फिरवलं, कुंकू नीट केलं. दहा सत्तावन्नला ती खुर्चीवर बसली.

"तुम्ही दाराबाहेर बसा," ती मला म्हणाली. "हा सदरा दिसेल त्यांना."

बबन त्याच्या कामाला गेला. मी दाराबाहेर जमिनीवर बसलो, भिंतीला कान लावून. अकराला एक मिनिट असताना घंटीसारखा आवाज झाला आणि एका बाईंचा आवाज आला, "नमस्कार, शालनताई. मी कारखानीस. ऐकू येतंय ना?"

"येतंय, मॅडम. बोला."

त्यांनी पडद्यावर एक कागद दाखवला. शालन वाचायला लागली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिला असं मोठ्यानं मोडी वाचताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. "मौजे आंबेघर येथील पाटलांस कळविणे. तुम्ही लिहिले की ओढ्याचे पाण्याने बांध वाहून गेला. तरी यंदा माणसे देऊन दुरुस्ती करून घेणे. पुढे..." ती थांबली.

"पुढे काय, ताई?"

"पुढचे दोन शब्द वाळवीनं खाल्लेत. एक 'गाडी' असावं असं वाटतं, पण मी तसं लिहिणार नाही. जागा कोरी ठेवीन आणि बाजूला टीप देईन."

मग कारखानीस मॅडम म्हणाल्या, "तुमच्याआधी दोघांनी तिथं छातीठोकपणे पूर्ण वाक्य वाचून दाखवलं." त्या हसल्या असाव्यात. "ताई, तुमच्या अर्जात अनुभवाचा रकाना कोरा आहे. इतकं चांगलं वाचता, मग इतकी वर्षं काय करत होतात?"

मी भिंतीपाशी आणखी अंग चोरून बसलो. आता ही सगळं सांगणार असं मला वाटलं, आणि सांगितलं असतं तर एक शब्द खोटा नसता.

"गावाच्या तक्रारी लिहून घेत होते, मॅडम," शालन म्हणाली. "टेलिफोनच्या. आमचे हे लाइनमन होते. लोक सांगतात एक आणि बिघाड असतो भलतीकडंच. न कंटाळता विचारत बसावं लागतं. ती सवय कागद वाचताना कामाला येते."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलून घेतलं. "आता शेवटचं. काम सगळं नेटवरून आहे. रोज कागद येणार, रोज जाणार. मागं एका गावच्या बाईंना घेतलं होतं, त्यांचं नेट बंद पडलं आणि दीड महिना कुणी बघायला नाही. तेव्हा स्पष्ट विचारते. बिघाड झाला तर बघणारं, तंत्राचं कळणारं, घरात कुणी आहे का?"

मी ताडकन उठलो. आता बोलावणार म्हणून फाटका सदरा खांद्यावर ओढून घेतला, वरचं बटण लावलं आणि दारात दिसेन असा येऊन उभा राहिलो. शालननं मला बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग ती पडद्याकडं वळली.

"आहे ना," ती म्हणाली. "मी आहे."

"मग ताई, सोमवारपासून कागद पाठवायला सुरुवात करते," मॅडम म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. माझ्यासारख्याला यायलाच हवा होता. पण मी दाराच्या चौकटीला धरून तसाच उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती पडद्याशी बोलत होती, सोमवारी किती वाजता, किती कागद, कसे पाठवायचे, एकेक नीट विचारून घेत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी साबुदाणा भिजलाय का ते बघितलं.